बेळवडीची बाई देसाई

बेळगाव जिल्ह्याच्या बैलहोंगल तालुक्यात बेळवडी नावाचे एक गाव आहे. मराठी पुस्तकांतून त्याचे नाव कधी बेलवडी, कधी बेलवाडी असे छापलेले आढळते. आमच्या सीमाभागातील माणसाची जीभ मात्र त्यातल्या 'ळ'ला सोडायला तयार नसते. या गावच्या गढीत इ. स. १६७८ च्या आरंभी एका स्त्रीने छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेला जवळजवळ चार आठवडे थोपवून धरले. महाराष्ट्रात ज्या थोड्यांना ती ठाऊक आहे त्यांना ती सावित्रीबाई म्हणून ठाऊक आहे. कर्नाटकात ती मल्लम्मा. बाई एक, नावे दोन, आणि त्या दोन नावांखाली दोन निरनिराळ्या कथा. निपाणीपासून धारवाडपर्यंतच्या पट्ट्यात दोन्ही भाषा ऐकतच वाढलेल्या वाचकाच्या कानावरून या दोन्ही कथा केव्हा ना केव्हा गेलेल्या असतात. परंतु त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. तसे वाचू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही कथांना तिचा गौरव करावयाचा आहे, आणि दोन्ही कथा तिने जे केले त्यावरून हळूच नजर काढून ती दुसऱ्या कोणावर तरी नेऊन ठेवतात.

प्रथम प्रसंग पाहू. १६७७ च्या आरंभी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते. भागानगरास कुतुबशहाची भेट, त्याच वर्षी मे महिन्यात जिंजीचा कबजा, शेरखान लोदीचा पराभव, बंधू व्यंकोजीराजांची भेट, हे सारे मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. परतीची वाट मात्र फारसे कोणी वाचीत नाही. नोव्हेंबरात महाराजांनी तामिळ मुलूख सोडला आणि म्हैसूरच्या पठारावरून, कोप्पळ, गदग, लक्ष्मेश्वर या बाजूने ते संपगावच्या मुलखात आले. हा मुलूख नावाने विजापूरचा. पण विजापुरात त्या वेळी धनी कोण हेच नक्की ठरत नव्हते. डिसेंबर १६७७ मध्ये बहलोलखान वारला, त्याच्या जागी सिद्दी मसूद आला, आणि या धांदलीत ठिकठिकाणचे देसाई आपापल्या गढीपुरते स्वतंत्र झाल्यासारखे होते. देसाई हा मूळचा वतनदार. त्याने सारा वसूल करावा, आपला हक्क राखून बाकीचा वर भरावा, शिबंदी बाळगावी, मुलखात दंगा होऊ देऊ नये, आणि वरचा हात आखडला गेला म्हणजे आपणच सरकार व्हावे, असा हा जुना शिरस्ता. त्याची गढी म्हणजे काही रायगड नव्हे, जिंजीही नव्हे. सपाट रानातली, दगडाच्या पायावर मातीच्या जाड भिंती उचललेली, कोपऱ्यांना बुरूज, आत विहीर आणि धान्याची पेवे, अशी या भागातली गढी असते. तिला डोंगराचा आधार नाही, समुद्राचा नाही. आतल्या माणसांखेरीज तिला दुसरा कसलाच आधार नाही.

अशा एका गढीच्या माणसांनी मराठी फौजेचे सामान वाहणारे बैल पळविले. वकिलाच्या भाषेत बोलावयाचे तर दाव्याचे कारण एवढेच. परतणाऱ्या फौजेची सारी शिदोरी बैलांच्या पाठीवर असते. त्यामुळे महाराजांच्या बाजूने ही उघड लूट होती. देसायांच्या बाजूने पाहिले तर परमुलखाची फौज आपल्या शेतांतून, आपल्या कडब्यावर जनावरे चारीत चालली असता तिच्याकडून घेतलेली ती जकात होती, असेही म्हणता येईल. निवाडा करणारे तिसरे पीठ त्या काळी अस्तित्वात नव्हते. गढीला वेढा पडला. जदुनाथ सरकारांनी दिलेला आकडा सत्तावीस दिवसांचा आहे. सत्तावीस दिवसांनंतर गढी सर झाली आणि तिची धनीण पकडली गेली.

सत्तावीस दिवस हा आकडा वाचताना आपण थांबत नाही, कारण वेढे वर्ष वर्ष चालल्याचे आपण वाचलेले असते. त्याच मोहिमेत वेलोरचा किल्ला वर्षाहून अधिक काळ झुंजत राहिला होता. पण वेलोर म्हणजे दगडी तट आणि पाण्याने भरलेला खंदक. येथे मातीच्या भिंती होत्या. शिवाय घरी निघालेल्या, मोठमोठी ठाणी घेऊन आलेल्या फौजेला एका देसगतीच्या गढीपुढे तळ ठोकून बसावयाची हौस नसते. ती बसली याचा अर्थ निघून जाणे तिला लाजिरवाणे वाटले आणि आत शिरणे जमेना. या सत्तावीस दिवसांत आत काय चालले असेल, दाणा कसा वाटला असेल, पडलेली भिंत रात्रीतून कोणी लिंपली असेल, शरण जावे असे म्हणणाऱ्यांना कोणी गप्प केले असेल, हे प्रश्न एखाद्या गडकऱ्याच्या बाबतीत आपले इतिहासलेखक आणि कादंबरीकार किती आवडीने विचारतात! मुरारबाजीच्या पुरंदराबद्दल विचारतात, फिरंगोजीच्या चाकणबद्दल विचारतात. बेळवडीबद्दल ते कोणाला सुचलेले नाही.

या वेढ्याची जी साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते ती परक्यांची आहे. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी २८ फेब्रुवारी १६७८ रोजी लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे. त्याचा भावार्थ असा, की शिवाजीराजे सध्या एका किल्ल्याला वेढा घालून बसले आहेत. तेथून आलेली त्यांचीच माणसे सांगतात की मोगलांच्या आणि विजापूरकरांच्या साऱ्या बळापुढे झाली नव्हती एवढी नामुष्की त्यांना तेथे सोसावी लागली. आणि इतकी राज्ये जिंकणाऱ्या या पुरुषाला ही बाई देसाई काही जिंकता येत नाही.

या पत्राचे नाव काढताच आपल्याकडील भाविक अभ्यासक त्याला एका वाक्यात उडवून लावतात. इंग्रज द्वेष्टे होते, असे ते म्हणतात. होतेच. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांना कैदेत टाकले होते, आणि त्या नुकसानीच्या भरपाईचा तगादा पुढे कित्येक वर्षे चालू होता. अशा सावकारी वैऱ्याला प्रतिपक्षाच्या फजितीचे वर्णन करताना उकळ्या फुटणारच. शिवाय ही साक्ष ऐकीव आहे. पत्र लिहिणारा बेळवडीला गेला नव्हता. कोणत्याही न्यायालयात मी प्रतिपक्षाचा वकील असतो तर या दोन मुद्द्यांवर साक्षीदाराला चांगले तासभर उभे केले असते. परंतु उलटतपासणी संपल्यावरही काही शिल्लक राहते, आणि ते नेमके त्या पत्रातल्या एका पोटवाक्यात आहे. ही बातमी राजांच्याच माणसांनी सांगितली, असे पत्र म्हणते. जी गोष्ट सांगितल्याने सांगणाऱ्याच्याच पक्षाला कमीपणा येतो ती तो उगाच सांगत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याने मानले, आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यानेही सोडलेले नाही. त्यातून हे पत्र बखर नव्हे, काव्यही नव्हे. व्यापारासाठी मुलखाची खबर ठेवणाऱ्या माणसांनी, वेढा चालू असताना, आपल्या वरिष्ठांसाठी लिहिलेला तो कागद आहे. पुढे गढी पडणार आहे की नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याची अतिशयोक्ती वजा केली तरी मूळ रक्कम उरतेच.

आता या साक्षीत ती बाई कशी दिसते ते पहा. तिला नाव नाही. नवरा नाही, मूल नाही, रूप नाही, शीलाची चर्चा नाही. आहे ते फक्त पद. आणि ते पदही आपण मराठीत लिहितो तसे नाही. 'देसाईण' म्हटले की मराठी माणसाला देसायाची बायको दिसते, जशी पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. त्या पत्रातली बाई कोणा देसायाची कोणी नाही; ती स्वतःच देसाई आहे, आणि बाई आहे. वखारीतल्या कारकुनाच्या खवचटपणातून का होईना, तिच्या अधिकाराची जी स्पष्ट नोंद झाली ती आपल्या दोन्ही भाषांतल्या पुढच्या गौरवलेखनात कोठेही इतकी स्वच्छ राहिलेली नाही.

जदुनाथ सरकारांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिवचरित्रात हे पत्र वापरले आणि वेढ्याचे दिवस सांगितले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. अर्थात त्यांनाही या प्रसंगाचे महत्त्व वाटले ते मुख्यतः त्यामुळे महाराजांच्या दबदब्याला धक्का बसला म्हणून. तराजूच्या एका पारड्यात राजाची प्रतिष्ठा, दुसऱ्यात बाई. बाईचे वजन किती, तर तिने राजाचे पारडे जेवढे हलविले तेवढे. त्यापुढे सरकारांनी 'तारीख-इ-शिवाजी' या फारसी बखरीतील एक हकीकत दिली आहे. ती अशी, की गढी पडल्यावर सखुजी गायकवाड या सरदाराने बंदिवान सावित्रीबाईवर अत्याचार केला, आणि हे कळताच महाराजांनी संतापून त्याचे दोन्ही डोळे काढविले व त्याला मनोळी गावी कैदेत टाकले. मनोळी म्हणजे मलप्रभेकाठचे, आजच्या सौंदत्ती तालुक्यातले मुनवळ्ळी.

येथून मराठी कथा सुरू होते. सुरू होते असे मुद्दाम म्हणतो, कारण आपल्या बालपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून ही गोष्ट ऐकणाऱ्याला ती गढी पडल्यानंतरच ऐकू येते. बैल जातात, वेढा जातो, सत्तावीस दिवस जातात. उरतात ते गायकवाडाचे डोळे. महाराजांच्या न्यायनिष्ठुरतेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि त्या न्यायनिष्ठुरतेबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. विजयी राजाने शत्रुपक्षाच्या स्त्रीसाठी आपल्याच सरदाराला असा दंड द्यावा, हे त्या शतकात कोठल्याही दरबारात सहज घडणारे नव्हते. पण उदाहरण राजाचे झाले की बाई त्या उदाहरणाचे उपकरण होते. अत्याचार हा शब्दही पुष्कळांना जड जातो. ते 'गैरवर्तन' म्हणतात, 'अप्रतिष्ठा' म्हणतात. ज्या बाईने अंगावर चिलखत चढवून भिंत राखली असेल तिची आपल्या भाषेतली ओळख तिच्यावर काय झाले एवढ्यावर येऊन ठेपते, आणि जे झाले तेही आपण नीट उच्चारीत नाही. खटल्याचा निकाल सर्वांना पाठ आहे. फिर्यादीचा जबाब कोणी मागितलेला नाही. आरोपीला शिक्षा झाल्यावर ती कोठे गेली, तिची देसगत राहिली की गेली, हे विचारण्याआधीच टाळ्या वाजतात आणि वक्ता पुढच्या प्रसंगाकडे वळतो.

एक बारीक गोष्ट आणखी आहे. पत्रात नामुष्की होते ती राजाची. बखरीत कलंक लागतो तो सरदाराला. एकाच गढीपुढचा मराठी पक्षाचा उणेपणा रणांगणावरून उचलून एका माणसाच्या वर्तनावर ठेवला गेला आहे, आणि त्या माणसाला शासन होताच तो फिटूनही गेला आहे. हे कोणी कपटाने केले असे मी म्हणत नाही. कथा आपला भार सोयीच्या खांद्यावर टाकीत जाते. कथांचा तो स्वभावच आहे. परंतु समीक्षकाने तो भार मुळात कोणाचा होता हे विचारावयास नको काय?

हा प्रकार एकट्या बेळवडीचा असता तर मी एवढे लांबण लावले नसते. रांझ्याच्या पाटलाची गोष्ट घ्या. बाबाजी गुजर या पाटलाने बदअमल केला म्हणून शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडले, हे शाळेतले पोर सांगते. १६४६ च्या त्या पत्राला आपण स्त्रीच्या अब्रूच्या रक्षणाचा दस्तऐवज म्हणून मिरवितो, आणि एका अर्थी ते योग्यही आहे. पण ते पत्र वकिलाच्या डोळ्यांनी वाचले तर ते पाटिलकीच्या व्यवस्थेचे पत्र आहे. वतन कोणाकडे जावे आणि अपंग झालेल्या पाटलाला कोणी सांभाळावे याची त्यात तजवीज आहे. त्यात राजा आहे, पाटील आहे, पाटलाला पोसणारा भाऊबंद आहे, आणि जिच्यासाठी हे सारे झाले ती बाई नाही. सतराव्या शतकातल्या कागदाकडून दुसरी अपेक्षाही करू नये. पण त्या कागदावर विसाव्या आणि एकविसाव्या शतकात शेकडो पाने लिहिणाऱ्यांनाही तिची उणीव जाणवू नये, हा दोष सतराव्या शतकाचा नव्हे.

आता मलप्रभेपलीकडची कथा. कन्नड परंपरेत मल्लम्मा ही सोद्याच्या राजघराण्यातली कन्या. तिला शिक्षण मिळाले आहे, घोडा आणि शस्त्र मिळाले आहे, ईशप्रभू नावाचा पती मिळाला आहे. ती स्त्रियांची फौज उभारते. लढाईत पती पडतो आणि ती मागे न हटता पुढे लढते. मराठी कथा ऐकून आलेल्या माणसाला येथे प्रथम मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटते, कारण येथे बाईला आयुष्य आहे. मराठीने तिला एक प्रसंग दिला. कन्नडने तिला माहेर दिले, सासर दिले, कडेवर मूल दिले. ही काही लहान देणगी नाही. यातले इतिहास किती आणि लोकांची माया किती हा प्रश्न वेगळा, आणि स्त्रियांच्या फौजेचे जे मोठमोठे आकडे अलीकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जातात त्यांच्या पाठीशी समकालीन कागद उभा नाही, हे तिच्या चाहत्यांनीही ध्यानात घ्यावे. तिच्या कीर्तीला त्या आकड्यांची गरजही नाही.

परंतु कथेचा शेवट जवळ आला की कन्नड लेखकाचाही हात राजाकडे वळतो. महाराज तिच्यापुढे येतात, झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागतात, घेतलेले परत देतात. नाटकांतून हा प्रवेश असा रंगतो की प्रेक्षक तेवढ्यासाठीच आलेला असतो. राजा येथे अपराध्याच्या जागी उभा आहे, न्यायाधीशाच्या नव्हे, एवढाच काय तो फरक. मराठी कथेत तिच्यामुळे राजा मोठा होतो. कन्नड कथेत राजा लवतो म्हणून ती मोठी होते. दोन्हीकडे मोजमापाची पट्टी तीच. आणि ज्यांना ही पट्टी आजच्या भाषावादात वापरावयाची आहे त्यांच्या हाती ती फार सोयीने बसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात आपण काय काय भोगले आणि काय काय बोललो ते येथे उगाळीत नाही. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि तेथे तो बोलण्यास समर्थ माणसे आहेत. पण सभेत बेळवडीचे नाव 'तुमच्या राजाला आमच्या बाईने' अशा थाटात घेतले जाते, किंवा ते नावच काढू नये असा दम दिला जातो, तेव्हा दोन्ही बाजूंना त्या बाईशी काही कर्तव्य नसते. ती ज्या राज्याची वतनदार होती ते राज्य विजापूरच्या आदिलशहाचे होते. आजच्या कोणत्याही प्रांताची ती सैनिक नव्हती. ती आपली गढी राखीत होती.

या कथेला एक दगडही आहे. धारवाडजवळच्या यादवाड गावी मारुतीच्या देवळापाशी एक शिल्प आहे. त्यात घोड्यावर बसलेले महाराज आहेत, आणि दुसऱ्या भागात बसलेल्या महाराजांच्या मांडीवर मूल आहे. ते मूल मल्लम्मेचे, आणि महाराजांनी दाखविलेल्या औदार्याची आठवण म्हणून तिनेच हे कोरवून घेतले, असे परंपरा सांगते. महाराजांची सर्वांत जुनी मूर्ती म्हणून महाराष्ट्रातले इतिहासप्रेमी आता आवर्जून तेथे जातात. जावे, शिल्प खरोखर पाहण्यासारखे आहे. मात्र ते पाहून आलेल्या माणसांची वर्णने वाचली तर ती सारी महाराजांच्या दाढीची, टोपाची, घोड्याची असतात. परंपरेला खरे मानावयाचे तर हा दगड त्या बाईचे बोलणे आहे, तिच्याकडून आलेला एकमेव शब्द आहे. वेढ्यात आणि त्यानंतर जे गेले ते सारे सोसून तिने आपल्या मुलखात शत्रूची कोणती आठवण ठेवावयाची हे स्वतः ठरविले. मांडीवरचे मूल आणि काढलेले डोळे या दोन चित्रांतून तिने पहिले निवडले. आपण दुसरे निवडले. तिच्या निवडीत क्षमा होती, की राजकारण, की जिवंत राहिलेल्या मुलाच्या वतनाची काळजी, यावर एखाद्या चांगल्या कादंबरीकाराला पुष्कळ लिहिता येईल. वतनाची काळजी हा मला स्वतःला फार संभाव्य हेतू वाटतो. जेत्याने मूल मांडीवर घेतले याचा दगडी दाखला गावोगाव उभा असला तर उद्या त्या मुलाच्या देसगतीवर कोण हक्क सांगणार? आमच्या धंद्यात याला कबजाचा पुरावा म्हणतात.

नावांविषयी थोडे. सावित्री हे नाव मला संशयास्पद वाटते. १६६१ च्या उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर असलेली, औरंगजेबाने रायबागन हा किताब दिलेली माहूरची देशमुखीण, तिचे नावही मराठी परंपरेत सावित्रीबाईच सांगतात. शत्रुपक्षाकडून लढणाऱ्या दोन कर्त्या स्त्रिया आणि दोघींना एकच नाव, आणि तेही पतीसाठी यमाशी वाद घालणाऱ्या पतिव्रतेचे! योगायोग असू शकेल. पण बखरीच्या परंपरेला परक्या मुलखातली बाई ओळखीची करून घ्यावयाची होती आणि तिच्या हाताशी आदर दाखविणारे एक नाव होते, हेही संभवते. मल्लम्मा हे नाव त्या मानाने मातीतले आहे. मलप्रभेच्या काठी आजही ते घराघरात ऐकू येते. पंचाच्या जागी मला बसविले तर मी मल्लम्मा या नावाच्या बाजूने कौल देईन, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनीही ते वापरावे असे सुचवीन.

त्याच दशकात थोडी दक्षिणेला केळदीची राणी चेन्नम्मा राज्य करीत होती. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निसटत असताना औरंगजेबाचा रोष पत्करून तिने त्यांना आश्रय दिला, आणि मोगली फौज चालून आली तेव्हा ती लढली. तिचे नाव मराठी इतिहासात कृतज्ञतेने घेतले जाते. बेळवडीच्या बाईचे तसे घेतले जात नाही, कारण ती आपल्या बाजूची नव्हती. बेळवडीपासून फार लांब नसलेल्या कित्तूरच्या चेन्नम्मेची गोष्ट पुन्हा निराळी. १८२४ मध्ये तिने इंग्रजांशी लढा दिला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात पडला, आणि ती १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. पुढे इंग्रज सर्वांचाच शत्रू ठरल्यामुळे तिच्या स्मारकाला दोन्ही भाषांचे हार चालतात. आपल्याशी लढलेल्या बाईला हार घालण्यास अधिक मोठी छाती लागते. यादवाडचा दगड खरा असेल तर महाराजांपाशी ती होती.

या नियतकालिकाच्या कोकणी वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बेळवडी त्यांना वाटते तितकी दूर नाही. मल्लम्मेचे माहेर म्हणून परंपरा जे सांगते ते सोदे, म्हणजे सिरसीजवळचे सोंदे, हे गोव्याला परके नव्हते. फोंडा, काणकोण, केपे, सांगे हा मुलूख अठराव्या शतकात सोंदेकर राजांकडून पोर्तुगिजांकडे गेला. १७६३ मध्ये हैदरअलीने सोंदे घेतल्यावर ते घराणे गोव्याच्या आश्रयाला आले आणि अंत्रुजात बांदोड्यास त्यांचा वाडा झाला. नवकाबिजादीतले, म्हणजे या नव्याने गेलेल्या महालांतले जुने लोक सोंदेकरांचे नाव अजून घेतात. बेळवडीच्या बाईविषयी बेळगावात मराठी आणि कन्नड असे दोनच पक्ष आहेत असे आपण धरून चालतो; माहेरची परंपरा खरी असेल तर सह्याद्रीखालच्या एका तिसऱ्या घरानेही तिच्याविषयी काही आठवण ठेवलेली असावयास हवी होती. लेक सासरी कोठे दिली, तिच्या वेढ्याची बातमी घाटाखाली केव्हा पोचली, मदत निघाली की नाही, हे माहेरच्या दृष्टीने विचारलेले प्रश्न आहेत आणि ते अजून कोणत्याच भाषेत विचारले गेलेले नाहीत. बांदोडे, नागेशी, सोंदे येथील देवस्थानांच्या जुन्या वह्या आणि वंशावळी पाहणाऱ्या अभ्यासकांनी तेवढ्यापुरते बेळवडीचे नाव मनात ठेवून पाने उलटावीत.

मराठीत यापुढे कोणी या विषयावर लिहील तर त्याने आरंभ बैलांपासून करावा आणि पुस्तकाचे निम्मे तरी त्या सत्तावीस दिवसांना द्यावे. गायकवाडाच्या शिक्षेला एक परिच्छेद पुरेसा आहे. कन्नडातील मल्लम्मेची कथा मराठीत आणि १६७८ चे ते पत्र पूर्ण स्वरूपात दोन्ही भाषांत, टीपांसह, एकाच पुस्तकात छापली जावी. असे पुस्तक पुण्याहून किंवा बंगळुरूहून निघण्यापेक्षा बेळगावहून निघणे सोपे आहे. येथील छापखान्यांत दोन्ही लिप्यांचे जुळणीकार जुन्या काळापासून शेजारी बसून काम करीत आले, आणि दोन्ही भाषांतली मुद्रिते तपासू शकणारी माणसे आजही येथे गल्लोगल्ली मिळतात.